मान वर करून

वहिनीने भडंगाचं पाकीट तिसऱ्यांदा काट्यावर ठेवलं. बॅग 23 किलोच्या वर जायला नको म्हणून सकाळपासून काढघाल चालली होती. कांदा-लसूण मसाला आत, पापड बाहेर, तासगावचे बेदाणे आत, पुन्हा पापड आत. माझी भाची पलंगावर बसून हातातल्या हिरव्या बांगड्या फिरवत होती. लग्नाला आठ महिने झालेत. पुढच्या आठवड्यात ती इंग्लंडला नर्स म्हणून रुजू होणार, नवरा मागाहून जाणार.

"ह्या तिथं चालत नाहीत गं आई. आत्याला विचार."

मी तिथेच नर्स आहे, त्यामुळे मिरजेला सुट्टीवर आले की घरातले सगळे इंग्लंडविषयीचे प्रश्न माझ्या पानात येऊन पडतात. मी सांगितलं, खरंच चालत नाहीत. 2008 च्या सुमारास तिथल्या सरकारी हॉस्पिटलांत नियम आला: पेशंटजवळ जाणाऱ्याचे हात कोपरापासून खाली उघडे हवेत. बांगड्या नाहीत, मनगटी घड्याळ नाही, लांब बाही नाही, नखांना रंग नाही. एखादी साधी अंगठी तेवढी चालते. घड्याळ छातीवर उलटं टाचायचं, म्हणजे आपण खाली बघितलं की ते सुलट दिसतं.

वहिनीचा चेहरा उतरला. "म्हणजे सवाष्ण बाईनं मोकळे हात घेऊन…" पुढचं तिने गिळलं. मग थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "कणीक मळताना आपण तरी बांगड्या वर सारतोच की." तिला कळलं होतं. मी जे जंतूंचं आणि हात धुण्याचं सांगणार होते, ते तिने परातीतून शोधून काढलं.

बांगड्यांचं सोपं आहे. काढल्या, डब्यात ठेवल्या, झालं. काढायला अवघड जाते ती खाली घातलेली मान.

आपल्याकडे गुणी मुलीची खूण कोणती? मान खाली घालून जाते-येते. "मान वर करून बोलते" ही तक्रार असते, कौतुक कधीच नसतं. माझ्या माहेरी थोरांना किती मान दिला हे धाकट्याची मान किती खाली गेली यावरून ठरायचं. हीच मान घेऊन मी मिरजेत साडेतीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं. तिथेही तेच पक्कं झालं. डॉक्टर वॉर्डात आले की उठून उभं राहायचं, राउंडला फाइल घेऊन दोन पावलं मागून चालायचं, विचारलं तेवढंच सांगायचं. शिस्त म्हणून त्यातलं बरंचसं मला आजही आवडतं. पण त्या शिस्तीत एक गोष्ट अशी मिसळली होती की ती शिस्तीचाच भाग वाटायची, आणि ती म्हणजे गप्प राहणं.

पहिली नोकरी सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात लागली. तिसऱ्या महिन्यात रात्रपाळीला एका पेशंटच्या कागदावर इन्सुलिनची ऑर्डर होती. आकडा चारचा, पुढे युनिटसाठी इंग्रजी 'यू'. घाईत लिहिलेला तो 'यू' वरून बंद झाला होता आणि शून्यासारखा दिसत होता. चार की चाळीस? मी डॉक्टरांना विचारायला गेले. ते दिवसभर ओपीडी करून दमलेले होते. पेशंटच्या दोन्ही मुलांसमोर ते म्हणाले, "वाचता येत नाही का सिस्टर? कुणी पास केलं तुम्हाला?" डोस चारचाच होता. इंजेक्शन दिलं, आणि स्टाफरूममध्ये जाऊन रडले.

त्या रात्रीनंतर मी विचारणं सोडलं. सरळ विचारणं सोडलं, असं म्हणते. अंदाज बांधायचा, मोठ्या सिस्टरांकडे हळूच बघायचं, आधीच्या पाळीतल्या कागदावरून जुळवायचं. कुणाचं नुकसान झालं नाही, हे माझं नशीब आणि त्यापेक्षाही त्या पेशंटांचं नशीब.

इंग्लंडला गेल्यावर औषधांच्या प्रशिक्षणात पडद्यावर अगदी तसाच एक कागद आला. 'यू' चं शून्य झालेला. शिकवणारी बाई सांगत होती की या एका अक्षरापायी माणसं दगावली आहेत, म्हणून 2010 मध्ये सूचना निघाली: 'युनिट्स' हा शब्द पूर्ण लिहायचा, कुठेही तोडायचा नाही. मी मागच्या रांगेत बसून ते ऐकलं आणि घसा भरून आला. सांगलीच्या त्या रात्री मी जे विचारलं होतं, ते विचारायला हवंच होतं. हे मला कळायला इतकी वर्षं आणि एवढा समुद्र मध्ये जावा लागला.

पण ऐकून मान लगेच वर येत नाही. माझी आली नाही.

रुजू होऊन पंधरा दिवस झाले होते. माझ्याकडच्या सहा खाटांमध्ये 86 वर्षांची एक आजी होती, खुब्याचं हाड मोडलेली. अतिशय सभ्य. सकाळी मी औषधांची ट्रॉली ढकलत असताना तिने मला हळूच बोलावलं आणि म्हणाली, मला एक पेनी खर्च करायची आहे. शब्द सगळे कळले, अर्थ लागला नाही. खालच्या दुकानातून काही आणायचं असेल असं वाटलं. मी हसून मान डोलावली, "हो हो, थोड्या वेळात," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

पूर्वी तिथल्या सार्वजनिक संडासांच्या दाराला नाणं टाकायचं कुलूप असायचं. एक पेनी टाकली की दार उघडायचं. त्यामुळे जुन्या पिढीतल्या बायका लघवीला जायचं असलं की 'पेनी खर्चायची' म्हणतात. आपल्याकडच्या बायका 'जाऊन येते' म्हणतात तसंच, लाज राखून बोलणं. अर्ध्या तासाने मी परत आले तेव्हा अंथरूण ओलं झालं होतं आणि आजी भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझ्याकडे बघेचना. मी आणि मदतनीस मुलीने तिला पुसलं, चादर बदलली. ती सारखी "सॉरी, सॉरी" म्हणत होती. सॉरी मी म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी इन्चार्ज सिस्टरने मला बाजूला घेतलं. ओरडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "तुला कळलं नव्हतं, तर तू हो का म्हणालीस?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता देता येतं. आमच्याकडे 'कळलं नाही' म्हणणं हा समोरच्याचा वेळ खाणं असतो आणि स्वतःची अक्कल काढून घेणं असतो. मान डोलावली की दोघांचीही सुटका होते. आमची ती मान 'हो' ही म्हणत नसते, 'नाही' ही म्हणत नसते. ती म्हणते, 'तुमचा मान राखला.' पण ओल्या अंथरुणावर पडलेल्या माणसाला तो मान काय कामाचा?

दुसऱ्या दिवशी मी त्या आजीकडे गेले, माझं नाव सांगितलं आणि म्हटलं की काल मला तुमचा शब्द कळला नव्हता, मी विचारायला हवं होतं, माफ करा. ती माझा हात हातात घेऊन कितीतरी वेळ बोलत राहिली. त्यातलंही निम्मं कळलं नाही, पण या वेळी प्रत्येक शब्द विचारला. पुढचे आठ दिवस तीच माझी इंग्रजीची मास्तरीण. 'पुअरली' म्हणजे गरीब नव्हे, आजारी, हे तिनेच शिकवलं. पुढे लक्षात आलं की तिथला म्हातारा पेशंट 'मी ठीक आहे' म्हणाला की पुढे आणखी दोन प्रश्न विचारायचे असतात.

नाव सांगण्याचंही असंच. आपल्याकडे वॉर्डात नर्सला नाव नसतं. ती 'सिस्टर', सफाई करणारी 'मावशी', वॉर्डबॉय 'मामा'. नात्याचे शब्द आहेत, ऊब आहे त्यात, मी ते वाईट म्हणणार नाही. पण तिथे नर्सने खाटेशी गेल्याबरोबर आधी नाव सांगायचं, मग तुम्हाला काय म्हणून हाक मारू हे विचारायचं, मग कशासाठी आले ते सांगायचं, आणि मगच हात लावायचा. केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टरबाई होत्या. स्वतः कॅन्सरच्या पेशंट होऊन 2013 मध्ये दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आजूबाजूला येणाऱ्या कितीतरी जणांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. 'नमस्कार, माझं नाव अमुक' एवढ्या एका वाक्याची त्यांनी मोहीम केली. 2016 मध्ये त्या गेल्या. आज कितीतरी हॉस्पिटलांत ते वाक्य कर्मचाऱ्यांच्या छातीवर लावलेलं असतं. मला ते सुरुवातीला जड जायचं. माझं नाव सांगायचं म्हणजे या कामाला मी जबाबदार आहे असं कबूल करायचं, आणि 'सिस्टर' या शब्दामागे लपायची मला सवय होती.

'प्लीज' विषयी मात्र मी आपली बाजू घेते. आपल्याकडून गेलेल्या नर्स उद्धट बोलतात अशी तक्रार मी तिथे एकदा ऐकली आणि फार लागलं. उद्धट नसतात त्या. मराठीत विनंती क्रियापदात असते. 'पाणी देता का जरा', 'बसा ना', 'एवढं घ्या की'. त्या 'जरा' मध्ये, 'ना' मध्ये, 'की' मध्ये सगळं आर्जव असतं. ते वाक्य इंग्रजीत नेताना 'जरा' गळतो, 'ना' गळतो आणि उरतो नुसता हुकूम. आणि घरच्या माणसाला थँक्यू म्हटलं तर आई विचारते, परकी झालीस का? म्हणून भाचीला मी सांगितलं, मन बदलायची गरज नाही, तुझ्या 'ना' आणि 'की' च्या जागी प्लीज आणि थँक्यू ठेव. दिवसाला पन्नास वेळा ठेव. मदतनीसाला ठेव, सफाईवाल्याला ठेव, डॉक्टरला ठेव. डॉक्टरला तिथे बऱ्याचदा पहिल्या नावाने हाक मारतात, त्याने दचकू नको.

आणि कुणाला धुणं-पुसणं, बेडपॅन देणं, हे 'मावशींचं काम' म्हणून बाजूला सारू नको. आपल्याकडे ते नातेवाईक करतात किंवा आया करते. नर्स शिकलेली म्हणून तिने करायचं नाही, असा एक चुकीचा मोठेपणा आपल्यात आहे. पेशंटला आंघोळ घालतानाच पाठीवरची पहिली लाली दिसते, बेडसोअर होण्याआधी. ती ज्याला दिसली तोच नर्स.

आता जे सांगायला मी खरं तर हे लिहायला बसले, ते.

दीड वर्षानंतरची एक रात्र. पोटाचं ऑपरेशन झालेला पन्नाशीतला पेशंट. बोलत होता, हसत होता, काही दुखत नाही म्हणत होता. मी श्वास मोजले, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. 24. नाडी 114. ताप 38.4 सेल्सिअस. वरचा बीपी 106. ऑक्सिजन नळीशिवाय 96. वेगवेगळं बघितलं तर एकही आकडा घाबरवणारा नाही. सांगलीत असते तर टीपीआरच्या, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या, कागदावर लिहून सकाळच्या राउंडची वाट बघितली असती.

पण तिथे न्यूज-टू नावाची गुणपद्धत आहे, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये सुधारून दिलेली. श्वास, ऑक्सिजन, नाडी, बीपी, शुद्ध, ताप या प्रत्येकाला गुण. नॉर्मल असेल तर शून्य, जितकं बिघडलेलं तितके जास्त, कशालाही तीनपर्यंत. माझ्या पेशंटचे श्वासाचे दोन, नाडीचे दोन, तापाचा एक, बीपीचा एक. बेरीज सहा. पाच झाले की डॉक्टरला तातडीने बोलवायचं, सात झाले की आणीबाणी. हा नियम कालच रुजू झालेल्या नर्सला आणि वीस वर्षांच्या सिस्टरला सारखाच. यातली गंमत माझ्या तेव्हा ध्यानात आली. हा कागद म्हणजे खाली मान घातलेल्या माणसासाठी केलेली काठी आहे. 'मला वाटतं' असं म्हणायचं धाडस नसेल, तर 'सहा झालेत' असं तरी म्हण.

मी फोन केला. काय सांगायचं त्याचाही क्रम ठरलेला असतो: आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं असं मी म्हणते. पहिल्या तीन पायऱ्या मी चढले. चौथ्या पायरीवर जीभ अडखळली. डॉक्टरने काय करावं हे मी सांगायचं? पलीकडून दमलेल्या आवाजात, दुसऱ्या वॉर्डात आहे, तासाभरात येतो, असं आलं. आणि मला सांगलीचा तो दमलेला आवाज आठवला. पाय लटपटले, खोटं कशाला बोलू. पण म्हणाले, "तासाभराने चालणार नाही. मला इन्फेक्शन रक्तात गेल्यासारखं वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघावं, अशी माझी विनंती आहे. नाही जमलं तर मी तुमच्या वरच्यांना फोन करते." फोनवर क्षणभर शांतता. मग, "येतो." आला, बघितलं, रक्ताचे नमुने, अँटिबायोटिक, सलाईन. पेशंट दहा दिवसांनी घरी गेला. डॉक्टरने जाताना मला थँक्यू म्हटलं. आभारापेक्षा मला जास्त नवल याचं वाटलं की तो चिडला नव्हता.

तिथली माणसं जन्मजात मोकळी असतात असं मात्र कुणी समजू नये. हे त्यांनी ठेच लागून शिकलंय. स्टॅफर्ड नावाच्या गावच्या हॉस्पिटलात पेशंटांचे अतोनात हाल झाले होते, आणि त्याची चौकशी करणाऱ्या रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल फेब्रुवारी 2013 मध्ये आला, 290 शिफारशींचा. त्यात सारखं येतं ते हेच, की दिसत असूनही बोललं गेलं नाही, आणि जे बोलले त्यांचं ऐकलं गेलं नाही. त्यानंतर 2014 मध्ये इंग्लंडमध्ये कायदाच झाला: उपचारात चूक होऊन गंभीर इजा झाली तर हॉस्पिटलने ती पेशंटला स्पष्ट सांगायची, माफी मागायची. नर्सच्या नोंदणीची जी कौन्सिल आहे, तिच्या आचारसंहितेतही हे आहे. आपली चूक लपवली तर ती चुकीपेक्षा मोठी ठरते. चूक झाली की संगणकावर नोंद करायची, इन्चार्जला सांगायचं, पेशंटला सांगायचं. मी हे दोनदा केलंय. दोन्ही वेळा हात थरथरले. दोन्ही वेळा मला विचारलं गेलं ते पुन्हा कसं टाळता येईल, एवढंच.

सगळीकडे असंच असतं का? नाही. मला एकदा एका पेशंटने 'हिच्या हातून औषध नको' म्हणून सांगितलं, आणि कारण माझा रंग होता. ते मी गिळून टाकलं. गिळायला नको होतं, तीही नोंद करायची गोष्ट आहे. बोलायला शिकणं म्हणजे फक्त पेशंटसाठी बोलणं नव्हे, स्वतःसाठीही. त्यातच पगाराची स्लिप नीट वाचणं येतं, करार सोडला तर किती पैसे परत द्यावे लागतील ते सही करण्याआधी विचारणं येतं, युनियनमध्ये नाव घालणं येतं. आणि इथे सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कुणी 'ब्रिटनमध्ये नोकरी लावून देतो, एवढे लाख द्या' म्हणालं, तर तिथेच पहिला प्रश्न विचारायचा. नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायला त्यांच्याकडे मनाई आहे.

संध्याकाळी आम्ही दोघी दर्ग्याकडून चालत स्टेशनच्या बाजूला गेलो. वाटेत मी तिला म्हटलं, पेशंटची बोली न कळणं या गावाला उलट्या बाजूने माहीत आहे. 1894 मध्ये विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी इथे मिशनचं हॉस्पिटल उघडलं. परमुलखातून आलेल्या त्या माणसांसमोर आपल्या आज्या-पणज्या बसून काय सांगत असतील? 'कसंतरी होतंय.' 'अंग मोडून आलंय.' 'पोटात कालवतंय.' याला कुठल्या पुस्तकात औषध शोधणार? त्यांनाही कधी ना कधी थांबून विचारावंच लागलं असणार, बाई, कसंतरी म्हणजे कसं? भाची हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर तिच्या तिथल्या प्रात्यक्षिक परीक्षेची शेवटची तालीम घेतली. पलंगावरच्या उशीला पेशंट केलं. चार्ट मी आदल्या रात्री झोपेच्या तारेत दोन जुने कागद बघून उतरवून काढला होता. मी डॉक्टर झाले, जरा आवाज चढवूनच. तिला म्हटलं, "पेशंटला ताप आहे, ॲमॉक्सिसिलिन लिहिलंय ना, द्या लवकर, मला पुढच्या वॉर्डात जायचंय."

ती चार्ट हातात घेऊन उभी राहिली. नेहमी 'हो आत्या' म्हणणारी. वरपासून खालपर्यंत वाचत गेली, पुन्हा वर आली. मला वाटलं अडली, आता सांगावं.

"थांब आत्या," ती म्हणाली. "मी हे देणार नाही. वरच्या चौकटीत बघ, याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, आणि ॲमॉक्सिसिलिन त्याच घरातलं."

मी चार्ट घेतला. खरंच होतं. माझ्याच अक्षरात, लाल पेनाने. दोन कागदांतलं एकत्र उतरवताना माझ्याकडून झालं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. "अगं, आत्याला असं मध्येच तोडतात का? किती वर्षं काढलीत तिनं त्या कामात."

"तोडू दे वहिनी," मी म्हणाले, आणि भाचीला सांगितलं, "आता हेच इंग्रजीत म्हण. आवाज खाली नको आणू."